कॅन्सर, स्त्री-पुरुष फरक आणि हार्मोनचे रिपोर्ट: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये ओपीडीबाहेर फाइल हातात धरून नातेवाईक जे विचारतात आणि लॅपटॉप उघडून विद्यार्थी जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं रिपोर्ट समजून घेण्यासाठी आहेत. गोळी सुरू किंवा बंद करायची असेल तर ते तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना विचारूनच करा.

एकाच कॅन्सरमध्ये बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, हे खरं का?

बहुतेक कॅन्सरमध्ये, हो. फुप्फुस, मोठं आतडं, त्वचेचा मेलानोमा, मेंदूतला ग्लायोब्लास्टोमा हे सगळे पुरुषांना जास्त होतात, आणि निदानानंतरचं आयुष्यही पुरुषांना सरासरीने कमी मिळतं. मूत्राशयाच्या कॅन्सरचं मात्र उलटं आहे. तो पुरुषांना तीन-चार पट जास्त होतो, पण बाईला झाला तर बऱ्याचदा उशिरा सापडतो आणि निकाल वाईट लागतो. थायरॉइडची तऱ्हा आणखी वेगळी: बायकांना साधारण तिप्पट, पण पुरुषात सापडतो तो पुढच्या टप्प्यावर.

इथे तीन गोष्टींची सरमिसळ होते. किती जणांना नव्याने झाला, किती जण त्याने गेले, आणि झालेल्यांपैकी किती जण पाच वर्षांनी हयात आहेत, हे तीन वेगळे आकडे आहेत. ग्लोबोकॅन या जागतिक कॅन्सर-आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे १४ लाख नवे रुग्ण होते आणि त्यात बायका किंचित जास्त होत्या, कारण एकट्या स्तनाच्या कॅन्सरचेच सुमारे १.९ लाख आणि गर्भाशयमुखाचे सव्वा लाखाहून जास्त रुग्ण होते. त्यामुळे ‘भारतात बायकांना कॅन्सर जास्त’ हेही खरं आणि ‘दोघांनाही होणारे बहुतेक कॅन्सर पुरुषांना जास्त’ हेही खरं.

मग हा सगळा हार्मोनचा खेळ आहे ना?

थोडासाच. फरकाचा बराच वाटा तंबाखू, दारू आणि डॉक्टरकडे पोचायला झालेला उशीर यांचा असतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंडाच्या कॅन्सरच्या वॉर्डात पुरुषच जास्त दिसतात. आणि ‘आमच्याकडे बायका तंबाखू खात नाहीत’ असं सांगणाऱ्या घरातही मिश्रीची डबी असते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिस्ट्री देताना तो शब्द उच्चारा. ‘तंबाखू खाता का?’ याला ‘नाही’ म्हणणारी आजी ‘मिश्री लावता का?’ याला ‘हो’ म्हणते.

उपचार कोणाला मिळतात हाही प्रश्न आहेच. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये हॉस्पिटलांच्या नोंदींत मुलग्यांचं प्रमाण लोकसंख्येच्या नोंदींपेक्षा जास्त दिसतं. आजार मुलींनाही होतो, पण आणलं जातं मुलग्यांना. याचं उत्तर कुठल्याही जीनमध्ये सापडणार नाही.

हे सगळं बाजूला काढल्यावर जो फरक उरतो, तो शरीराचा: हार्मोन, एक्स आणि वाय गुणसूत्रं, प्रतिकारशक्ती, आणि औषध पचवण्याची क्षमता.

एक्स गुणसूत्र आणि कॅन्सर यांचा काय संबंध?

बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात, पुरुषात एक एक्स आणि एक वाय. दोन्ही एक्स चालू राहिले तर जीन्सचा डोस दुप्पट होईल, म्हणून गर्भावस्थेतच एक एक्स बंद होतो. हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. एक्सआयएसटी नावाचा जीन आपला आरएनए त्या गुणसूत्रावर गोधडीसारखा पांघरतो आणि ते झाकून टाकतो.

पण गोधडीबाहेर काही पाय राहतातच. एक्सवरचे साधारण १५ टक्के जीन्स बंद एक्सवरूनही चालू असतात. त्यातले काही कॅन्सरला रोखणारे, म्हणजे ब्रेकसारखे आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात असे सहा जीन्स पुढे आले: एटीआरएक्स, सीएनकेएसआर२, डीडीएक्स३एक्स, केडीएम५सी, केडीएम६ए आणि एमएजीईसी३. यांत बिघाड झालेले ट्यूमर पुरुषांत जास्त सापडले. स्कूटरला पुढचा-मागचा असे दोन ब्रेक असतील तर एक तुटला तरी गाडी थांबते. पुरुषाकडे या जीन्सचा एकच ब्रेक असतो.

वाय गुणसूत्राचंही तसंच. वय वाढतं तसं पुरुषांच्या काही रक्तपेशींतून वाय गळून जातो, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त. २०२३ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरवरच्या संशोधनात दिसलं की वाय गमावलेला ट्यूमर जास्त आक्रमक असतो, कारण तो भोवतालच्या टी-पेशींना थकवून टाकतो. गंमत अशी की त्याच कारणाने असा ट्यूमर इम्युनोथेरपीला, म्हणजे प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांना, जास्त चांगला प्रतिसाद देतो. हे अजून रोजच्या तपासणीत आलेलं नाही. कोणी ‘वाय लॉस’ची टेस्ट विकत असेल तर उपचार त्यामुळे कसा बदलणार, एवढंच विचारा.

हार्मोन जीन्सना नेमकं काय करतात?

इस्ट्रोजेन पेशीत शिरतं, ईआर नावाच्या रिसेप्टरला (हार्मोन पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, आणि ती जोडी डीएनएवर ठरावीक ठिकाणी बसून काही जीन्स सुरू करते. पीजीआर, टीएफएफ१, जीआरईबी१ ही त्यांतली नेहमीची नावं. पीजीआर जीनपासूनच प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर, म्हणजे रिपोर्टवरचा पीआर, तयार होतो. म्हणून पीआर ही एक प्रकारची पावती आहे: ईआर आहे, आणि तो कामही करतोय. ईआर पॉझिटिव्ह पण पीआर निगेटिव्ह असेल तर हार्मोन रोखणारी गोळी द्यायचीच असते, पण तो ट्यूमर सरासरीने थोडा जास्त खट्याळ निघतो.

पुरुषांत टेस्टोस्टेरॉन आणि एआर रिसेप्टर हीच जोडी प्रोस्टेटमध्ये केएलके३ हा जीन चालवते. त्या जीनचं प्रथिन म्हणजे पीएसए. लोक हजारो रुपयांच्या जीन एक्स्प्रेशन टेस्टबद्दल विचारतात, आणि प्रोस्टेटच्या पेशंटची अशी एक टेस्ट साध्या रक्ताच्या नळीत चालू असते हे कोणी सांगत नाही. टेस्टोस्टेरॉन कमी करणारं इंजेक्शन लागू पडलं की पीएसए घसरतो. टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली असूनही पीएसए पुन्हा चढू लागला, तर ट्यूमरने दुसरी वाट काढली असं समजायचं. म्हणून अशा वेळी पीएसएबरोबर टेस्टोस्टेरॉनही तपासा. इंजेक्शनची तारीख चुकली असेल तर पीएसए चढण्याचं कारण तेच असू शकतं.

ही कल्पना जुनी आहे. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये अंडाशय काढून स्तनाचा कॅन्सर आटोक्यात येतो हे दाखवलं. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये प्रोस्टेटबद्दल तसंच दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रिसेप्टर वगैरे कळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

रिपोर्टवर ‘ईआर ८०%, पीआर ४०%, हर-२ २+, केआय-६७ २२%’ लिहिलंय. कसं वाचायचं?

ईआर ८० टक्के म्हणजे कॅन्सरच्या शंभरातल्या ऐंशी पेशींच्या केंद्रकात रंग दिसला. जगण्याची शक्यता ८० टक्के, असा त्याचा अर्थ नाही. १ टक्का किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह. १ ते १० टक्के असेल तर ‘लो पॉझिटिव्ह’ असं वेगळं लिहायचं असतं, कारण हे ट्यूमर वागायला बऱ्याचदा निगेटिव्हसारखे असतात. काही लॅब ऑलरेड स्कोअर देतात: किती पेशी याचे ० ते ५ आणि रंग किती गडद याचे ० ते ३, एकूण ८ पैकी.

हर-२ हे पेशीला वाढायला लावणारं प्रथिन. त्याचं ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, आणि २+ म्हणजे ‘सांगता येत नाही, फिश टेस्ट (हर-२ जीनच्या प्रती मोजणारी) करा’. फिश होईपर्यंत २+ ला पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह काहीच म्हणू नये. केआय-६७ हा वाढीच्या वेगाचा अंदाज. ५ टक्के किंवा कमी आणि ३० टक्के किंवा जास्त, या दोन टोकांना त्यावर विसंबता येतं. मधल्या आकड्यांत दोन चांगल्या पॅथॉलॉजिस्टचं उत्तर वेगळं येऊ शकतं, म्हणून १८ आणि २२ यांतल्या फरकावर झोप उडवून घेऊ नका.

ईआर निगेटिव्ह आला, पण दुसऱ्या लॅबमध्ये पॉझिटिव्ह. असं कसं होतं?

बहुतेक वेळा घोटाळा मायक्रोस्कोपखाली होत नाही, डब्यात होतो. नाशिक जिल्ह्यात तर हे जास्तच लक्षात ठेवायला हवं. ऑपरेशन कळवण-मालेगावकडे, लॅब शहरात, आणि मध्ये नातेवाइकांच्या हातातली पिशवी.

गाठ बाहेर काढल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मालिनमध्ये गेली पाहिजे. फॉर्मालिन १० टक्के न्यूट्रल बफर्ड हवं, म्हणजे बाजारातल्या ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइडचा एक भाग, पाण्याचे नऊ भाग आणि फॉस्फेट बफर. नुसतं पाणी मिसळलेलं द्रावण आम्लधर्मी होत जातं. द्रावण गाठीच्या दहा पट हवं. गाठ जेमतेम बुडालीय असं चालत नाही. फॉर्मालिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत झिरपतं, त्यामुळे अख्खा स्तन तसाच बुडवून ठेवला तर बाहेरून टणक आणि आतून सडका, अशी अवस्था होते. म्हणून तो ताजा असतानाच ५ मिलिमीटरच्या अंतराने कापून, कापांमध्ये गॉज घालून बुडवायचा. हे काम सर्जनने परस्पर करू नये, कारण कडा कुठली हे मग कळत नाही. पॅथॉलॉजिस्टने सांगितलेल्या पद्धतीने, कडांना शाई लावून करावं.

फॉर्मालिनमध्ये किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास. बारीक सुईच्या बायोप्सीलाही ६ तास लागतातच. ‘तुकडा लहान आहे, दोन तासांत होईल’ हा गैरसमज आहे. शनिवारी दुपारी ऑपरेशन झालं आणि लॅब सोमवारी उघडणार असेल तर वेळ मर्यादेत बसते, पण सोमवारची सुट्टी आली की अगदी काठावर येते.

काय करू नये: सलाईनमध्ये पाठवू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, औषधाच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबू नका. गाठ आत जाते, पण कडक झाल्यावर बाहेर निघत नाही आणि बाटली फोडावी लागते. डब्यावर, झाकणावर नाही, पेशंटचं नाव, बाजू आणि दोन वेळा लिहा: गाठ काढल्याची आणि फॉर्मालिनमध्ये टाकल्याची. झाकणं बदलतात.

हाडातल्या गाठीचा प्रश्न वेगळा. हाड मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर रिसेप्टर आणि फिश दोन्ही बिघडतात. बायोप्सीच्या आधीच लॅबला ‘ईआर-हर-२ लागणार, ईडीटीए (हाड मऊ करणारं सौम्य द्रावण) वापरा’ असं कळवा.

निगेटिव्ह रिपोर्ट खरा आहे का हे ओळखायची एक सोपी खूण आहे. गाठीशेजारच्या निरोगी दुग्धनलिकांना ईआरचा रंग चढला पाहिजे. त्यांनाही चढला नसेल तर टेस्ट फसली, ट्यूमर निगेटिव्ह ठरत नाही. दुसऱ्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) पुन्हा करा. चुकीच्या निगेटिव्हची किंमत मोठी आहे, कारण टॅमोक्सिफेन ही हार्मोन रोखणारी अगदी स्वस्त गोळी पेशंटच्या हातून कायमची जाते.

सेकंड ओपिनियनसाठी मुंबईला टाटाला जायचंय. सोबत काय न्यायचं?

रिपोर्टच्या झेरॉक्सवर काम होत नाही. पॅराफिन ब्लॉक, सगळ्या स्लाइड्स, मूळ रिपोर्ट, स्कॅनच्या सीडी, ऑपरेशन नोट्स. लॅबमधून ब्लॉक घेताना ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी तिथेच, काउंटरवरच जुळवा. अर्ज लिहून द्यावा लागतो. आदल्या दिवशी द्या, म्हणजे सकाळची पंचवटी एक्स्प्रेस चुकणार नाही. पॅराफिन साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं. एप्रिल-मे मध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला ब्लॉक मऊ पडून चिकटतो. छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत, सावलीत, आणि गरम डब्यापासून लांब ठेवा.

बाबांना ब्रेस्ट कॅन्सर सांगितलाय. पुरुषांना होतो?

होतो. एकूण ब्रेस्ट कॅन्सरपैकी साधारण १ टक्का. निप्पलमागे न दुखणारी गाठ, निप्पल आत ओढलं जाणं, बनियनवर रक्ताचा डाग. घरी कोणाला काही वाटत नाही आणि वर्ष निघून जातं. पुरुषांत निदान उशिरा होण्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

यातले ९० टक्क्यांहून जास्त ईआर पॉझिटिव्ह असतात, म्हणजे बायकांपेक्षाही जास्त. उपचार टॅमोक्सिफेन, रोज २० मिलिग्रॅम, किमान ५ वर्षं. इथे एक चूक वारंवार होते. रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांना लेट्रोझोल (इस्ट्रोजेन बनू न देणारी गोळी) देतात म्हणून बाबांनाही नुसतं लेट्रोझोल सुरू केलं जातं. पुरुषात काही इस्ट्रोजेन थेट वृषणात बनतं, आणि लेट्रोझोलने इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदू वृषणाला आणखी जोराने कामाला लावतो. त्यामुळे पुरुषाला ते द्यायचंच झालं तर वृषण शांत करणाऱ्या इंजेक्शनबरोबर देतात.

गोळी मध्येच सोडण्याचं प्रमाण पुरुषांत बरंच आहे: अंगातून वाफा, वजन, लैंगिक इच्छा कमी होणं. ‘बायकांची गोळी’ असं मेडिकलवाला म्हणाला म्हणून सोडणारेही असतात. एका पायाला सूज आणि पोटरी दुखणं, किंवा अचानक धाप लागणं ही गुठळीची लक्षणं. त्याच दिवशी हॉस्पिटल. नैराश्यासाठी पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन चालू असेल तर सांगा. ही औषधं सीवायपी२डी६ हे एन्झाइम अडवतात आणि टॅमोक्सिफेनचं प्रभावी रूप कमी तयार होतं.

प्रत्येक पुरुष पेशंटची बीआरसीए (घराण्यातून येणाऱ्या कॅन्सरच्या जीनदोषाची) तपासणी करावी असा संकेत आहे, विशेषतः बीआरसीए२ साठी. हा जीन एक्सवर नाही, त्यामुळे मुलगा-मुलगी दोघांकडे जाण्याची शक्यता सारखीच, निम्मी-निम्मी.

आईच्या लघवीत रक्त दिसतंय, इन्फेक्शनच्या गोळ्या तीनदा झाल्या. अजून थांबावं का?

थांबू नका. जळजळ नाही, कल्चरमध्ये जंतू नाहीत, आणि रक्त येतंय, किंवा गोळ्यांचा कोर्स संपूनही लघवीच्या तपासणीत लाल पेशी दिसताहेत, तर सोनोग्राफी आणि युरोलॉजिस्टकडून सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशय आतून बघणं). मूत्राशयाच्या आतला चपटा ट्यूमर सोनोग्राफीत दिसत नाही, म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणजे विषय संपला असं नाही. पाळी बंद झालेल्या बाईने हे रक्त नेमकं लघवीतून येतं की योनीमार्गातून, हेही सांगावं. दुसऱ्या प्रकारात तपासणी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. पुरुषाच्या लघवीत रक्त आलं की घरचे घाबरतात, बाईच्या आलं की गोळ्या. हा मूत्राशयाचा कॅन्सर बायकांत उशिरा सापडतो तो असा.

पाळीच्या तारखा बघून ऑपरेशन करावं, असं ऐकलंय.

हे ऐकीव नाही, याला मुंबईची पार्श्वभूमी आहे. टाटा मेमोरिअलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी सुमारे १००० स्त्रियांवर चाचणी करून २०११ मध्ये निष्कर्ष छापले. ऑपरेशनच्या ५ ते १४ दिवस आधी हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं ५०० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन, म्हणजे पाळीच्या उत्तरार्धात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉनची नक्कल. सगळ्या स्त्रिया एकत्र धरल्या तर फरक सांख्यिकीदृष्ट्या ठाम नव्हता. काखेतल्या गाठींत आजार असलेल्या गटात मात्र फायदा दिसला. कल्पना देखणी आहे, पण यावरून तारीख ठरवायचा नियम झालेला नाही. पाळीची वाट बघत ऑपरेशन पुढे ढकलू नका.

केमोचा डोस तोच, मग आईलाच त्रास जास्त का?

हा भास नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या २०० हून जास्त चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात गंभीर दुष्परिणामांची शक्यता बायकांत ३४ टक्क्यांनी जास्त आढळली, आणि इम्युनोथेरपीत ४९ टक्क्यांनी. ५-एफयू आणि कॅपेसिटाबिन ही औषधं बायकांच्या शरीरातून सरासरीने हळू बाहेर पडतात. तोंड येणं, जुलाब आणि पांढऱ्या पेशी घटणं त्यामुळे जास्त. डीपीवायडी, म्हणजे ही औषधं मोडणाऱ्या एन्झाइमच्या जीनमध्ये, दोष असेल तर पहिल्याच सायकलला जिवावर बेतू शकतं. ही रक्ताची टेस्ट सायकल सुरू होण्याआधी करायची असते. त्रास झाल्यावर केली तर फक्त कारण कळतं.

घरी काय बघायचं: नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा जास्त जुलाब झाले तर कॅपेसिटाबिनची पुढची गोळी देण्याआधी फोन करा, ओआरएस सुरू करा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच दाखल करा. गोळ्या उरल्या म्हणून ‘वाया जातील’ या भावनेने संपवू नका. हा सल्ला विनोदी वाटेल, पण कॅपेसिटाबिन महाग असल्याने असं होतं.

इम्युनोथेरपी पुरुषांनाच जास्त लागू पडते का?

२०१८ च्या एका विश्लेषणात पुरुषांना फायदा जास्त दिसला, २०१९ च्या दुसऱ्यात दोघांत फरक नाही. म्हणून लिंग बघून हे औषध देत किंवा नाकारत नाहीत. पीडी-एल१, एमएसआय (दोन्ही ट्यूमरवर करायच्या तपासण्या) आणि आजाराचा प्रकार बघतात.

द्राक्षांना ‘हार्मोन’ मारतात. त्याने कॅन्सर होतो का?

निफाड-दिंडोरीकडून हा प्रश्न दर हंगामात येतो. मणी फुगवायला वापरतात ते जिबरेलिक ॲसिड, म्हणजे जीए, वनस्पतीचं हार्मोन आहे. नाव हार्मोन, पण ते इस्ट्रोजेन नव्हे, आणि ईआरच्या रिपोर्टशी त्याचा संबंध नाही. काळजी करायचीच तर बुरशीनाशकांची आणि कीटकनाशकांची करा, आणि ती खाणाऱ्यापेक्षा फवारणाऱ्याची आधी. मॅन्कोझेबपासून तयार होणारं ईटीयू थायरॉइडवर परिणाम करतं. मॅलाथिऑनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. फवारताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. तोच शर्ट घालून जेवायला बसू नये, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. धुणारी बहुधा घरातली बाई असते.

सोयाबीनचंही विचारतात. भाजी, पीठ, टोफू एवढ्याने अडचण नाही. सोया आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या मात्र घेऊ नका. पाळी गेल्यानंतर शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत बनतं, म्हणून सोयापेक्षा वजनाचा काटा जास्त महत्त्वाचा.

(विद्यार्थ्यांसाठी) टीसीजीए या ट्यूमरच्या जीन्सच्या सार्वजनिक डेटावर ‘हार्मोन जीन्स आणि स्त्री-पुरुष सर्व्हायव्हल’ असा प्रोजेक्ट करायचाय. कुठे फसतात?

पहिली पायरी, लिंगाची नोंद तपासा. एक्सआयएसटी जास्त म्हणजे स्त्री, आरपीएस४वाय१ आणि डीडीएक्स३वाय जास्त म्हणजे पुरुष. नोंद आणि हे जीन्स जुळत नसतील तर नमुना बाजूला ठेवा. पण ट्यूमर वाय गमावतो आणि एक्सआयएसटीही बंद करू शकतो, म्हणून शक्य असेल तिथे त्याच पेशंटच्या निरोगी ऊतीवर तपासा. स्तनाच्या डेटात पुरुष डझनभरच आहेत. त्यांच्यावर सर्व्हायव्हलचा निष्कर्ष काढू नका.

डीईसेक२ ला (जीन्सची तुलना करणारं सॉफ्टवेअर) कच्चे काउंट द्या, टीपीएम (आधीच प्रमाणित केलेले आकडे) नको. मॉडेलमध्ये वय, स्टेज आणि बॅच घ्या. मिळालेल्या यादीत वरच्या पन्नासांत निम्मे जीन्स एक्स-वायवरचेच असतील. तो शोध नव्हे. पाथवे विश्लेषणाआधी त्यांना वेगळे करा. ट्यूमरच्या तुकड्यात निरोगी पेशी किती आल्यात यानेही ईआरचा जीन ईएसआर१ वर-खाली होतो. ‘स्त्री’ हा एक गट धरलात तर चाळिशीतली आणि सत्तरीतली एकत्र आली, आणि त्यांच्या इस्ट्रोजेनमध्ये कितीतरी पटींचा फरक असतो. रजोनिवृत्तीची नोंद नसेल तर ५० वर्षांची रेघ ओढता येते, पण तसं केलंय हे लिहा.

सर्वांत मोठी चूक सर्व्हायव्हलमध्ये होते. बायकांत पी ०.०३ आला, पुरुषांत ०.१२, आणि लगेच निष्कर्ष: ‘हा जीन फक्त बायकांत महत्त्वाचा’. तसं सिद्ध होत नाही. कॉक्स मॉडेलमध्ये एक्स्प्रेशन गुणिले लिंग हा इंटरॅक्शनचा घटक घाला आणि त्याचा पी बघा. तो सापडायला मुख्य परिणामाच्या साधारण चौपट नमुने लागतात, म्हणून बहुतेक प्रोजेक्टमध्ये तो सापडत नाही, आणि म्हणूनच तो कोणी छापत नाही. ऑनलाइन साधनातलं ‘बेस्ट कटऑफ’ बटण दाबू नका. ते वीस रेघा ओढून सगळ्यांत सुंदर दिसणारी निवडतं. मध्यक आधी ठरवा, किंवा एक्स्प्रेशन सलग आकडा म्हणूनच ठेवा. मॉडेलमधल्या प्रत्येक घटकामागे किमान दहा मृत्यू किंवा दहा पुनरावृत्ती हव्यात. बायका एरवीही जास्त जगतात, त्यामुळे नुसत्या ओव्हरऑल सर्व्हायव्हलमध्ये तो फरक मिसळतो. स्तनासारख्या कमी फॉलोअपच्या डेटात २०१८ च्या टीसीजीए क्लिनिकल संचातला प्रोग्रेशन-फ्री इंटरव्हल वापरा.

आणि आरएनए म्हणजे प्रथिन नव्हे. ईएसआर१ चा आरएनए जास्त आहे म्हणून पेशंटला ईआर पॉझिटिव्ह म्हणत नाहीत.

फाइलवर चुकून ‘पुरुष’ऐवजी ‘स्त्री’ छापलंय. एवढं चालतं का?

चालत नाही. योजनेतला क्लेम अडकतोच, पण डोसही बदलतो. कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचा डोस किडनीच्या हिशेबाने काढतात, आणि कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात बाईसाठी उत्तराला ०.८५ ने गुणतात. वय ६०, वजन ५० किलो, क्रिएटिनिन १.० असेल तर पुरुषासाठी उत्तर सुमारे ५५.६ येतं आणि बाईसाठी ४७.२. त्यात २५ मिळवून एयूसी (रक्तात औषध किती हवं याचा ठरवलेला आकडा) ५ ने गुणलं तर पुरुषाचा डोस साधारण ४०३ मिलिग्रॅम, बाईचा ३६१. म्हणजे एका शब्दाच्या चुकीने ४२ मिलिग्रॅमचा फरक. डे-केअरमध्ये बसण्याआधी केस पेपरवरचं नाव, वय, लिंग, वजन आणि क्रिएटिनिनची तारीख स्वतः वाचा, आणि चूक असेल तर काउंटरवर पेनाने खोडून न घेता नवा कागद छापून घ्या.